दवाखान्यासमोरची खोली

भावजी माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ. आमच्या घराला लागून त्यांचं घर, मध्ये एकच भिंत. त्यांना जाऊन आता तीन पावसाळे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी खरं बोलणार आहे. त्यात चांगलं असेल तर ते आपोआप येईल, नाही आलं तर तो त्यांचा दोष.

भावजी बसायचे नाहीत. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, त्याचा हा परिणाम. आमच्या ओसरीवर आले की खांबाला कंबर टेकवायची, पाय फाकवायचे आणि उभं राहायचं, जणू खालची जमीन हलते आहे.

मी म्हणायची, "आवं बसा की भावजी. ओसरी कुठं चालली न्हाई."

"असू द्या वहिनी. पॅसेंजरला जागा पायजे."

ओसरीवर मी, माझे मालक आणि कुत्रं. एवढेच पॅसेंजर.

निघताना "येतो" म्हणायची त्यांची रीत नव्हती. दाराच्या फळीवर तळहातानं दोन थापा मारायच्या, की माणूस सुटला. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. ती होती तेव्हा सांगायची, "लग्नानंतर पहिल्यांदा मला माहेरी सोडायला आले आणि आईच्या दारावर दोन थापा मारून गेले. आई म्हणाली, जावयाला कशाचा राग आला गं?"

आमचं गाव कुंडलच्या अलीकडं. बघावं तिकडं ऊस. भावजींची गाडी सकाळी गावातून मिरजेला जायची आणि संध्याकाळी परत यायची. त्या गाडीनं हौसेनं कोणी जात नव्हतं. निम्मे लोक आजारी, उरलेले आजाऱ्याला भेटायला चाललेले. ज्यांना जायला जमत नव्हतं ते भावजींच्या हातात जेवणाचा डबा द्यायचे. भावजी झाकणावर खडूनं खाटेचा नंबर घालायचे आणि मिरजेत गाडी थांबली की तेवढ्या वेळात डबे पोचवून यायचे. असं करत करत त्यांना मिरजेतला दवाखाना न् दवाखाना पाठ झाला. कुठल्या खिडकीत कागद द्यायचा, कुठली नर्स सकाळी कावलेली असते आणि दुपारी गोड बोलते, कुठल्या कँटीनच्या आमटीत डाळ असते, सगळं.

रिटायर झाल्यावर हेच त्यांचं काम झालं. गावात कुणाला कळ आली की आधी भावजींना हाक मारायची, मग आजाऱ्याला उठवायचं. खुंटीला त्यांची एक पिशवी कायम भरलेली असायची. तिच्यात चमचा, बॅटरी, सुतळी, जुनी वर्तमानपत्रं, एक कुलूप आणि लिंबाच्या लोणच्याची चिमुकली बाटली. आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते म्हणून लोणचं. कुलूप कशाला ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली असती.

वॉर्डात बघायला आलेल्या लोकांची गर्दी झाली की भावजी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ओरडायचे, "बघून झालं त्यांनी फुडं सरका! मागच्यास्नी येऊ द्या!" एकदा डॉक्टरांनाच फुडं सरका म्हणाले. डॉक्टर सरकले. पुढच्या खाटेशी गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

माणसांना ते नावानं कमी आणि दुखण्यानं जास्त ओळखायचे. रस्त्यानं कुणी गेलं की मला सांगायचे, "ते बघा वहिनी, मूतखडा चाललाय." माणूस केवढाही मोठा बागाईतदार असू दे, भावजींच्या लेखी तो मूतखडा. शाळेचे हेडमास्तर म्हणजे "डावा डोळा". मी एकदा विचारलं, "आणि माझं नाव काय ठेवलंय?"

"तुमाला अजून काय झालं न्हाई वहिनी. तुमी पेंडिंग."

पुतण्याला मुलगी बघायला जत भागात गेलो होतो. लांबचा रस्ता, दोन्ही बाजूंना माळ. मुलगी दिसायला चांगली होती, बोलायला नीट होती, पोहेही बरे होते. सगळे विचारताहेत शिक्षण काय, भाऊ किती. भावजी उभे. मुलीच्या बापाला विचारतात काय, "तुमच्या गावास्नं दवाखान्यात पोचायला किती येळ लागतोय?" बाप म्हणाला, गाडी मिळण्यावर आहे. परत येताना भावजींनी जीपमध्ये निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. ठिकाण वाईट हाय." ते लग्न झालं. पण व्याह्याला कावीळ झाली तेव्हा भावजी गावभर सांगत फिरले की मी बोललो होतो.

ठिकाण मोक्याचं पाहिजे, हे त्यांचं पालुपद. घर कुठं बांधावं, मुलगी कुठं द्यावी, मुक्काम कुठं करावा, सगळ्याला हा एकच नियम. मोक्याचं म्हणजे दवाखान्याजवळचं. मला आधी वाटायचं, हे त्यांचं वेड आहे. मग विचार केला की आमचं सगळ्यांचं तसंच होतं. आमच्याकडं शहरात मुक्काम करायचा तर कुणीतरी आजारी पडावं लागतं. माझ्या सासूचे डोळे, मालकांचा हर्निया, थोरल्याचा मोडलेला पाय, माझं दुसरं बाळंतपण. दर वेळी मिरज. दर वेळी दवाखान्याजवळची एकच ती लॉज, बाहेर तारेवर वाळत घातलेले आजाऱ्यांचे कपडे. मिरजेत सतार आणि तंबोरे करतात म्हणे. मी एवढ्या वेळा गेले, मला एकही दिसला नाही. मला सलाईनच्या बाटल्या दिसल्या.

तर माझ्या मनात एक होतं. मी चौथी शिकलेली बाई, मला काही जग बघायचं नव्हतं. फक्त एकदा एखाद्या शहरात राहायचं होतं, तेही कुणी आजारी नसताना. एक पुरता दिवस. डबा नाही, औषध नाही, कुणाची लघवी झाली का याची चौकशी नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलून काय उपयोग?

आमचा थोरला पुण्याला नोकरी करतो. एका दिवाळीला त्यानंच विचारलं, "आई, तुम्ही दोघं कधी कुठं गेलाय का गं?"

"मिरजेला."

"दवाखाना सोडून."

मालक सतरा वर्षं फौजेत होते. त्यांनी जम्मूपासून खालपर्यंत देश बघितला, मी त्यांची पत्रं बघितली. थोरला म्हणाला, दोन दिवस साताऱ्याला जा, मी हॉटेल बघतो. त्याला वाटलं होतं मी नको म्हणणार. मी म्हणाले, "कवा जायचं?"

त्यानं मोबाईलवर हॉटेल दाखवलं. कासच्या रस्त्याला, डोंगराच्या अंगाला. फोटोत एक गॅलरी होती. खाली लांबवर शहर पसरलेलं आणि गॅलरीत चिटपाखरू नाही. तो फोटो मी पुन्हा पुन्हा मागून बघितला, म्हणून पुण्याला परत जाताना त्यानं तो मालकांच्या मोबाईलवर घालून दिला.

घोटाळा मालकांनी केला. फौजेत बंदूक चालवली, पण घरात एक खिळा ठोकायचा तरी भावजींना हाक. त्यांनी भिंतीपलीकडं हाक मारली. भावजी आले, खांबाला टेकले, मोबाईल हातभर लांब धरला.

"हे काय हाय?"

"हाटेल," मी म्हणाले.

"हा डोंगर हाय वहिनी. ह्यात हाटेल कुठं हाय?"

"डोंगरावर हाय."

"आणि छातीत दुखलं तर?"

"कुणाच्या?"

"कुणाच्याबी. माणूस म्हटल्यावर छाती आलीच."

"आमी दुखवून घ्यायला न्हाई चाललो. फिरायला चाललोय."

"दुखणं काय तिकीट काढून येतंय व्हय? आणि गावाकडनं माणूस आलं तर त्याला तुमी घावायचं कसं? त्यानं काय घाटात उतरून हाका मारत हिंडायचं?"

"गावाकडनं कोण कशाला यील तिथं?"

ह्यावर भावजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं बिनतिकिटाच्या माणसाकडं बघत असतील. मालकांची मान हलायला लागली होती. फौजी माणूस, पण छाती म्हटलं की गळाठतो. "गड्या, तूच बघ मग एखादं मोक्याचं," ते म्हणाले. हे सांगितलं तेव्हा पुण्याला थोरल्यानं कपाळावर हात मारला तो मला फोनमधून ऐकू आला.

भावजी दुसऱ्याच दिवशी कराडला गाडी बदलून साताऱ्याला गेले आणि संध्याकाळी परत आले. तोंड उजळलेलं.

"खोली अशी घावलीय वहिनी, की बास! स्टँडपासनं चालत. खाली मेडिकल, दिवसरात उघडं. जिन्याच्या वळणावर मी सोता आडवा झोपून बघितलं. स्ट्रेचर आरामात वळतंय. आणि खिडकी उघडली की समोर मोठा दवाखाना."

"खिडकीतनं आणि काय दिसतंय?"

"आणि काय पायजे?"

मी त्या दिवशी जेवले नाही. पण रुसून घरात राहिले असते तर दोन दिवसही गेले असते. म्हटलं, खोलीत फक्त झोपायचं आहे, दिवसभर बाहेर राहू. अट एकच घातली. आम्ही फिरायला चाललोय हे गावात कुणाला सांगायचं नाही. म्हातारा-म्हातारी हवा खायला गेली म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी पुढच्या दिवाळीपर्यंत दुसरा विषय काढला नसता. गावाला सांगितलं, मालकांच्या पेन्शनचं काम आहे. भावजींना माझ्या गळ्याची शपथ घातली.

लॉजवर पोचलो. गल्ल्यावरच्या माणसानं वही उघडली. "पेशंट कोण? आजोबा का?"

"कोण न्हाई," मी म्हणाले.

"मग ॲडमिट कोण हाय?"

"कोण न्हाई. आमी फिरायला आलोय."

त्याचं पेन थांबलं. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग मालकांकडं, आणि आवाज एकदम खाली आणला. "असू दे आजी. न्हाई सांगायचं तर नका सांगू. देव हाय." आणि न मागता एक जादा घोंगडी दिली.

खोलीत खाटेच्या वर भिंतीत एक मोठा खिळा होता. सलाईन अडकवायचा. व्हरांड्यात बायका डबे घासत होत्या. शेजारच्या खोलीतली एक दारात आली. "तुमचं कोण हाय?"

"कोण न्हाई."

"आमीबी पहिल्या दिवशी असंच म्हणत हुतो," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात फिरवून गेली.

मी मालकांना मोबाईल बंद करायला लावला. दोन दिवस कुणाचा आवाज नको. संध्याकाळी थोडं स्टँडाच्या बाजूला हिंडून आलो. वारं सुटलं होतं म्हणून मी डोक्याला मफलर गुंडाळला होता. जिन्यात उजेड कमी, म्हणून मालकांनी माझं कोपर धरलं होतं.

आता पुढचं मला नंतर कळलं. आमच्याच गल्लीतली एक मुलगी साताऱ्याकडं दिलेली आहे. ती सासूला घेऊन समोरच्या दवाखान्यात आली होती. तिनं बघितलं, डोक्याला फडकं बांधलेली मी, नवऱ्याच्या आधारानं जिना चढतेय. तिनं आईला फोन लावला. आईनं माझ्या धाकट्या बहिणीला. बहिणीनं मालकांना लावला, तर बंद. मग सगळे भावजींच्या दारात गेले. भावजींना शपथ घातलेली. ते म्हणाले, "मी काय सांगणार न्हाई." गावात कुठलंही दुखणं भावजींना माहीत नाही असं कधी झालं नव्हतं, आणि माहीत असून सांगितलं नाही असंही झालं नव्हतं. लोकांनी ओळखलं, की सांगण्यासारखं राहिलेलं नाही.

सकाळी आम्ही किल्ल्यावर जायला निघालो होतो. मी ठेवणीतली नवी साडी नेसले होते. दार उघडलं तर समोर माझी बहीण, मागं माझी जाऊ, तिच्या मागं निम्मी गल्ली. जीप करून आले होते. शहाळी, बिस्किटं, केळी. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत.

"आक्का गं!" बहिणीनं मला मिठी मारली. "सांगायचं तरी हुतंस!"

"काय सांगायचं?"

जाऊ मागच्यांना हळूच म्हणाली, "अजून तिला कळू दिलेलं न्हाई."

"अगं, मला काय झालेलं न्हाई! धडधाकट हाय मी!"

"व्हय गं व्हय," बहीण म्हणाली. मग तिचं माझ्या नव्या साडीकडं लक्ष गेलं आणि ती आणखी जोरात रडली. "केवढी निम्मी झाली बघा," मागून कोण तरी म्हणालं. मी होते तेवढीच होते. असले तर दोन किलो जास्तच. मला धरून खाटेवर बसवलं आणि तोंडात शहाळ्याची नळी घातली.

भावजी दारात उभे. चौकटीला कंबर टेकलेली, ओठ घट्ट मिटलेले.

मी नळी काढून ओरडले, "भावजी, सांगा की ह्यांस्नी!"

"आधी शपथ सोडा."

"सोडली!"

"वहिनीस्नी काय झालेलं न्हाई," भावजी म्हणाले. "दोघं फिरायला आल्यात."

मग जाऊ म्हणाली, "भावजी, निदान तुमी तरी खोटं बोलू नगा. फिरायला आलेलं माणूस दवाखान्याच्या तोंडात खोली घील व्हय?"

भावजींनी खोलीभर बघितलं. खिडकीतून दवाखान्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी रडत नव्हते, मी रडत नाही. पण माझ्या हातात पिशवी तशीच होती, पायांत चपला होत्या, आणि तोंड कसं झालं होतं ते मला ठाऊक नाही. भावजी आत आले, केळी बाजूला सारली आणि खाटेवर आडवे झाले. मी त्यांना दिवसाउजेडी पाठ टेकलेलं पहिल्यांदा बघितलं. घोंगडी गळ्यापर्यंत ओढून ते म्हणाले, "आजारी मी हाय."

"तुमी?" बहीण म्हणाली. "तुमी तर आमच्यासंगं जीपमधनं आला!"

"मग कसा येणार? चालत? डॉक्टरनं आज बोलावलंय. दादा-वहिनी माझ्यापायी आधी येऊन राहिल्यात."

आणि सगळ्यांना सगळं जुळलं. "म्हणून मागच्या आठवड्यात एकटेच साताऱ्याला आले हुते!" जाऊ म्हणाली. "म्हणून जीपमध्ये एक शब्द बोलले न्हाईत!" "आणि बघा की, केवढे निम्मे झाल्यात!" माझ्या हातातलं शहाळं काढून बहिणीनं त्यांच्या तोंडाला लावलं. माझ्याकडं कुणी ढुंकून बघेना.

"दादा, वहिनी," भावजी खोल आवाजात म्हणाले, "तुमी माझे रिपोर्ट आणायला जावा. दुपार हुईल. घाई करू नगा." आणि खाटेच्या लाकडावर दोन थापा मारल्या.

आम्ही सुटलो.

पेढ्याच्या दुकानात गेलो. एक एक कंदी पेढा उभ्यानं खाल्ला. रिक्षा केली. मालक हसत होते, मलाही हसू येत होतं. किल्ल्याचा चढ सुरू झाला आणि मालकांनी थोरल्याला फोटो पाठवायला म्हणून मोबाईल चालू केला. तो हातातच वाजला. बहीण.

"आक्का, भावजीस्नी ॲडमिट केलं."

"नाटक बास म्हणावं त्यांना."

"नाटक कसलं? डॉक्टरनं घेतलंय आत."

झालं होतं असं. एवढी माणसं जीप करून आलेली, त्यांना नुसतं पडलेलं माणूस बघून समाधान कसं व्हायचं? आमच्या डोळ्यांदेखत डॉक्टरला दाखवा म्हणाले. भावजी नको नको म्हणताहेत, तोवर ह्यांनी समोरून स्ट्रेचर आणलं. वळणावर ते आरामात वळलं म्हणे. डॉक्टरांनी बोट टोचलं, तर साखर इतकी की मशीन बिघडलं समजून दुसरं मागवलं. मग बूट काढायला लावले. डाव्या तळव्याला जखम. कित्येक दिवसांची. भावजींना दुखत नव्हती, म्हणून ती नाही असं त्यांनी धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिना गेला असता तर पाय काढायला लागला असता.

रिक्षावाल्याला मागं फिरायला सांगितलं. किल्ला राहिला.

मी वॉर्डात गेले. भावजी पडलेले, हाताला सलाईन. माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, दिवस घालवला तुमचा."

"ते ऱ्हाऊ दे. साऱ्या गावाला दवाखान्यात नेता, सोताचं बोट कधी टोचून घेतलं न्हाई?"

"मला आणायला कोण हुतं?"

त्यात दुःख वगैरे काही नव्हतं. गाडीला कंडक्टर नव्हता असं सांगावं तसं सांगितलं. मला राग आला. मध्ये एक भिंत, तिच्या अलीकडं आम्ही दोन माणसं. हाक मारायला काय झालं होतं? तसं मी त्यांना तिथंच सुनावलं, चार खाटांना ऐकू जाईल एवढं. ते म्हणाले, "हळू बोला, ती सकाळची नर्स कावलेली असती."

गावची मंडळी दुपारी समाधानानं परत गेली. येणं वाया गेलं नव्हतं. माझे दोन दिवस बाकड्यावर गेले, पुढचे चारही. डबा, औषध, लघवी. शहर बदललं, बाकडं तेच. घरी आल्यावर लोक विचारायचे, सातारा कसं आहे? मी म्हणायची, फरशी गुळगुळीत आहे.

भावजींचा पाय राहिला. पुढच्या थंडीत मी स्वतः थोरल्याला फोन केला. "ते डोंगरावरचं हाटेल अजून हाय का बघ." मालक म्हणाले, गड्याला एकट्याला मागं ठेवून कसं जायचं? मी म्हणाले, येऊ द्या, पण खोलीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. भावजी डॉक्टरांनी दिलेले जाड बूट घालून आले. घाट चढताना प्रत्येक वळणाला मागं वळून बघत होते.

हॉटेलाभोवती त्यांनी एक फेरी मारली. मग गॅलरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. खाली सगळं शहर, वर वारा. बाकी कुणी नाही.

"इथं आपल्याला बघायला कोण येणार न्हाई वहिनी," ते म्हणाले.

"व्हय. म्हणून तर आलोय."

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. डेपोत लावून ठेवलेली गाडी दिसते ना, तसे दिसत होते. मला तेव्हा कळलं की भावजी दवाखान्याजवळ जागा बघायचे ती दुखण्याच्या भीतीनं नाही. माणसं येतात ती जागा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. कळलं म्हणून मी काही खाली उतरणार नव्हते.

सकाळी उठलो तर भावजी खोलीत नाहीत. पिशवी पण नाही. मालक घाबरले. मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "ते तर पहाटे भाजीच्या टेम्पोतून खाली गेले. आमच्या आचाऱ्याला घेऊन. त्याचा गुडघा सहा महिन्यांपासून सुजलाय, कुणाला बोलला नव्हता. आजोबांनी चालण्यावरूनच ओळखलं. त्याला दवाखान्यात दाखवून संध्याकाळी आणतो म्हणाले."

"काय सांगून गेले आमाला?"

"काही नाही. दारावर दोन थापा मारल्या आणि गेले."

गॅलरीत दोन खुर्च्या होत्या, त्यांवर मग आम्ही दोघं बसलो. मालकांनी विचारलं, "दुखतंय का कुठं?"

"न्हाई. तुमचं?"

"न्हाई."

झालं, बोलायचा विषय संपला. आम्ही तसेच बसून राहिलो. ऊन पायांवर आलं, मग गुडघ्यांवर आलं. दहाच्या सुमाराला चहा मागवला. आचारी दवाखान्यात होता, म्हणून मॅनेजरनं स्वतः केला. असला पांचट चहा मी जन्मात प्यायले नव्हते. दोन कप प्यायले.